विश्लेषण : व्यसनमुक्ती केंद्रातून मूल घरी आले, आता पालकांनी काय करायचे?

केंद्रातील उपचार काही आठवड्यांत संपतात. किशोरवयीन मुलाचे सावरणे मात्र पुढे वर्षभर घरात, शाळेत आणि गावात सुरू राहते. या काळात पैसे, मोबाइल, मित्र, शाळा आणि गावातील चर्चा यांना कसे सामोरे जायचे? पुन्हा व्यसन केले तर काय? कायदा काय सांगतो? जाणून घ्या सविस्तर.

तळेगाव ढमढेरेहून निघालेला रस्ता शिक्रापूरला नगर रस्त्याला मिळतो. पुढे कोरेगाव भीमा, लोणीकंद, वाघोली ओलांडून तो येरवड्याला पोहोचतो. शिरूर तालुक्यातील हजारो घरांसाठी हा कंपनीचा, कॉलेजचा आणि बाजाराचा रस्ता आहे. काही घरांसाठी तो उपचारांचाही रस्ता आहे. येरवड्यात मनोरुग्णालय आहे आणि ‘मुक्तांगण’ हे राज्यातील सर्वपरिचित व्यसनमुक्ती केंद्रही तिथेच आहे.

समजा, याच रस्त्याने एक वडील १६ वर्षांच्या मुलाला एका केंद्रातून घरी आणत आहेत. मुलाचे वजन वाढले आहे, झोप नीट लागते, बोलणे शांत आहे. घरी आईने त्याच्या आवडीचा स्वयंपाक केला आहे. संकट टळले, असे सगळ्यांना वाटते. गाडी गावात शिरते तेव्हा मात्र तीच टपरी आणि तेच मित्र समोर असतात. मुलाच्या खिशातील मोबाइलमध्ये जुने ग्रुपही तसेच असतात.

बहुतांश पालकांचा गोंधळ इथून सुरू होतो. काही जण मुलावर चोवीस तास पहारा ठेवतात, तर काही जण ‘झाले गेले विसरून जा’ म्हणत सगळे मोकळे सोडतात. सावरणाऱ्या मुलासाठी हे दोन्ही मार्ग अडचणीचे ठरतात.

प्रश्न गावांपर्यंत कसा आला?

तळेगाव ढमढेरे हे शेतीचे आणि बाजारपेठेचे जुने गाव. आता त्याच्या आजूबाजूला सणसवाडी, शिक्रापूर आणि रांजणगाव असा औद्योगिक पट्टा उभा राहिला आहे. कंपन्यांमुळे घरात पगार आला, खोल्यांचे भाडे आले, मुलांच्या हातात गाडी आणि मोबाइल आला. त्याच वेळी आई-वडील दोघेही शिफ्टमध्ये किंवा शेतात आणि मूल संध्याकाळी एकटे, हे चित्रही सर्रास दिसू लागले.

अमली पदार्थ म्हणजे मुंबई-पुण्याचा विषय, हा समजही आता मागे पडला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी शेजारच्या दौंड तालुक्यातील कुरकुंभ एमआयडीसीत एका कारखान्यावर छापा टाकला. तिथे मेफेड्रोन, म्हणजे बोलीभाषेतील ‘एमडी’ तयार होत असल्याचे उघड झाले. पुणे, कुरकुंभ आणि दिल्लीतील कारवायांमध्ये मिळून हजार किलोहून अधिक साठा जप्त झाला.

देशाची आकडेवारीही पाहू. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते १७ वर्षे वयोगटातील १.३ टक्के मुले दारू, तर १.१७ टक्के मुले हुंगण्याचे पदार्थ घेत होती. प्रौढांमध्ये हुंगण्याचे प्रमाण ०.५८ टक्के होते. मुलांमध्ये प्रौढांपेक्षा जास्त आढळलेला नशेचा हा एकमेव प्रकार.

याच अहवालानुसार अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्या दर २० जणांपैकी केवळ एकाला, तर दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एकाला कोणतेतरी उपचार मिळाले होते. म्हणजे बहुतेक जण उपचारांपर्यंत पोहोचतच नाहीत.

मुले नेमके काय घेतात?

सुरुवात बहुतेकदा तंबाखूने होते. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात देशातील १३ ते १५ वयोगटातील ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखूचे कोणते ना कोणते रूप वापरताना आढळले. सिगारेट ओढणाऱ्यांचे सुरुवातीचे मध्यक वय ११.५ वर्षे, तर खाण्याच्या तंबाखूचे ९.९ वर्षे होते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या मिळतात हे सर्वांना ठाऊक आहे.

त्याशिवाय बीअर, गांजा, पंक्चरचे सोल्युशन, थिनर, व्हाइटनर, खोकल्याची औषधे आणि झोपेच्या गोळ्या हे मुलांच्या हाती सहज लागणारे प्रकार आहेत. सोल्युशन किंवा थिनर ‘साधे’ वाटते, पण हुंगल्यावर हृदयाचे ठोके बिघडून पहिल्याच वेळी मृत्यू होऊ शकतो. ‘बॉडी’ बनवण्याच्या नादात मेफेंटरमाइन या रक्तदाबाच्या इंजेक्शनचा गैरवापर करणारेही आहेत. पुणे परिसरात त्याची बेकायदा विक्री पोलिसांनी पकडली आहे.

कोणता पदार्थ, किती दिवस आणि किती प्रमाणात घेतला, ही माहिती डॉक्टरांना खरी सांगणे गरजेचे आहे. दारू किंवा झोपेच्या गोळ्या अचानक बंद केल्यास झटके येऊ शकतात. म्हणून ‘खोलीत कोंडून सोडवू’ हा प्रयोग घरी करू नये.

किशोरवयातील व्यसन वेगळे का?

मेंदूचा पुढचा भाग थांबायला, विचार करायला आणि परिणाम तोलायला मदत करतो. त्याची वाढ वयाच्या पंचविशीच्या आसपास पूर्ण होते. आनंद आणि उत्सुकता देणारा भाग मात्र किशोरवयातच जोरात काम करत असतो. गाडीचे इंजिन तयार आहे, पण ब्रेक अजून बसवायचे आहेत, अशी ही अवस्था असते. त्यामुळे या वयात सवय लवकर जडते.

नशेच्या पदार्थांमुळे मेंदूत डोपामिन हे रसायन नेहमीपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात सुटते. मेंदू त्याला सरावतो. पदार्थ बंद झाला की साध्या गोष्टींतला आनंद काही काळ जाणवतच नाही. क्रिकेट, सिनेमा, आवडीचे जेवण, सगळे फिके वाटते. ही अवस्था काही आठवडे, कधी काही महिने टिकते.

पालकांनी लक्षात ठेवायची सर्वात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. घरी आलेला मुलगा दिवसभर पडून राहतो, ‘काही करावंसंच वाटत नाही’ म्हणतो, तेव्हा घरच्यांना तो आळस किंवा माज वाटतो. अनेकदा ते बरे होण्याच्या प्रक्रियेतील लक्षण असते. टोमणे मारून ते जात नाही. वेळ, झोप, हालचाल आणि गरज असल्यास औषधे यांनी ते हळूहळू कमी होते.

केंद्र निवडताना काय पाहावे?

‘मुक्तांगण’ची सुरुवात २९ ऑगस्ट १९८६ रोजी झाली. लेखक अनिल अवचट यांनी त्या काळात ‘गर्द’ म्हणजे ब्राउन शुगरच्या विळख्यात सापडलेल्या तरुण मुलांवर लेखन केले होते. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी देणगी देऊ केली. येरवडा मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचट यांनी केंद्राची घडी बसवली. तिथे उपचार घेणाऱ्याला ‘रुग्णमित्र’ म्हणतात. व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच तिथे समुपदेशक म्हणून काम करताना दिसतात. व्यसनी माणूस वाईट नसून आजारी आहे, ही भूमिका महाराष्ट्रात रुजवण्यात या संस्थेचा मोठा वाटा आहे.

मात्र केंद्राची पाटी लावलेली प्रत्येक जागा अशी नसते. १८ वर्षांखालील मुलाला दाखल करताना मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार काही गोष्टी बंधनकारक आहेत. या कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे उद्भवणाऱ्या मानसिक अवस्थांचाही समावेश आहे. पालकांनी पुढील गोष्टी विचारून घ्याव्यात.

● केंद्राची नोंदणी आहे का? नोंदणी प्रमाणपत्र दाखवायला सांगा.

● दाखल करण्यापूर्वी मानसोपचारतज्ज्ञ मुलाला तपासणार आहेत का? अल्पवयीन मुलाच्या बाबतीत दोन तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासणी करणे आवश्यक असते आणि त्यांपैकी एक मानसोपचारतज्ज्ञ असावा लागतो.

● मुलांची राहण्याची सोय प्रौढांपासून वेगळी आहे का? कायद्याने ती वेगळीच हवी.

● पालक किंवा पालकांनी नेमलेली व्यक्ती सोबत राहू शकते का? अल्पवयीन मुलासोबत अशी व्यक्ती असावी, अशी तरतूद आहे. मुलीसोबत स्त्रीच असावी लागते.

‘महिनाभर भेटायचे नाही, फोन करायचा नाही, मारून सरळ करतो’ असे कुणी सांगत असेल, तर तिथून मुलाला परत आणा. रुग्णाला साखळीने बांधणे कायद्याने निषिद्ध आहे. ‘न सांगता दारू सोडवा’ अशा भिंतीवरच्या जाहिरातींपासूनही दूर राहा. जेवणातून गुपचूप दिलेल्या पुडीत काय आहे, हे पालकांना माहीत नसते. त्यातून जिवावर बेतू शकते. मुलाचा घरच्यांवरचा उरलासुरला विश्वासही जातो.

प्रत्येक मुलाला दाखल करण्याची गरज असतेच असे नाही. सुरुवातीच्या टप्प्यात बाह्यरुग्ण उपचार आणि समुपदेशन पुरेसे ठरू शकते. ग्रामीण रुग्णालयांतील किशोरवयीनांसाठीची ‘मैत्री क्लिनिक’, पुण्यातील ससून रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आणि येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय हे सरकारी पर्याय आहेत.

घरी आल्यावर पहिले ९० दिवस

हा काळ सर्वात नाजूक असतो. या काळात भाषणांपेक्षा घरातील लहानसहान व्यवस्था अधिक उपयोगी पडतात.

दिवसाचे वेळापत्रक : उठण्याची, जेवणाची आणि झोपण्याची वेळ ठरलेली असावी. संध्याकाळी चार ते आठ ही वेळ अनेक घरांत रिकामी असते. वडील कंपनीत, आई शेतात किंवा कामावर. या वेळेत मूल कुठे असेल, कुणासोबत असेल, हे आधी ठरवा. आजोबांसोबत शेतात फेरी, मैदानावर सराव, क्लास, चुलत्याच्या दुकानात दोन तास बसणे, काहीही चालेल. मात्र ते मुलाला विचारून ठरवा.

पैसे : सुरुवातीला रोख रक्कम हातात देऊ नये. रिचार्ज, प्रवास, वह्या-पुस्तके यांचा खर्च पालकांनी थेट करावा. मुलाच्या मोबाइलवर यूपीआय सुरू असेल, तर त्यावर मर्यादा ठेवा. महत्त्वाचे म्हणजे जुनी उधारी किती आणि कुणाची आहे, हे न रागावता विचारा. अनेक मुले याच उधारीच्या दबावाखाली पुन्हा त्या लोकांकडे जातात.

मोबाइल : हिसकावून घेण्याऐवजी नवे सिमकार्ड आणि जुन्या ग्रुपमधून बाहेर पडणे, यावर एकमत करा. रात्री मोबाइल सगळ्यांचाच एका ठिकाणी चार्जिंगला लागेल, असा नियम घरातील मोठ्यांनीही पाळावा. चोरून मेसेज वाचण्याने फार काही हाती लागत नाही. पकडले गेल्यावर मात्र मूल अधिक लपवू लागते.

मित्र : ‘त्या पोरांत दिसलास तर बघ’ एवढे सांगून भागत नाही. गावात ती मुले रोज समोर येणारच. त्यांनी हाक मारली तर काय म्हणायचे, याचा सराव घरी करून घ्या. ‘घरी थांबलेत, निघतो’ इतके छोटे वाक्यही तयार असले की ऐनवेळी उपयोगी पडते.

औषधे आणि भेटी : गोळ्या पालकांच्या ताब्यात असाव्यात आणि समोर घ्यायला सांगाव्यात. पुढच्या तपासणीची तारीख कॅलेंडरवर लिहा. ‘आता बरा आहे, कशाला जायचे?’ असे म्हणत पहिलीच भेट चुकवली जाते.

घरातील इतरांची सवय : वडील जेवणानंतर तंबाखू मळत असतील किंवा दर रविवारी घरात बाटली उघडली जात असेल, तर मुलाकडून अपेक्षा ठेवणे अवघड आहे. वडिलांनी स्वतः सोडण्याचा प्रयत्न करणे आणि मुलासमोर ‘मलाही जड जातंय’ हे मान्य करणे, याचा परिणाम मोठा होतो. निदान वर्षभर घरात नशेचा कोणताही पदार्थ असू नये.

कीटकनाशके कुलपात : शेतकरी कुटुंबांसाठी हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. नशा बंद झाल्यानंतर, विशेषतः एमडीसारख्या उत्तेजक पदार्थांनंतर, तीव्र नैराश्य येऊ शकते. शेतीची औषधे आणि घरातील गोळ्या कुलपात ठेवा. ‘जगण्यात अर्थ नाही’ असे बोलणे कधीही नाटक समजू नका. त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.

नियम चार-पाचच ठेवा, लिहून ठेवा आणि मोडल्यास काय होईल हेही आधीच ठरवा. उदाहरणार्थ, न सांगता रात्री उशिरा आला तर आठवडाभर गाडीची चावी मिळणार नाही. रागाच्या भरात रोज नवा नियम काढला, तर तो टिकत नाही.

काय बोलावे, काय टाळावे?

‘तुझ्यामुळे गावात तोंड दाखवायला जागा राहिली नाही’, ‘तुझ्या उपचारांवर एवढे पैसे गेले’, ‘शेजारच्यांचा मुलगा बघ’ ही वाक्ये घरोघरी ऐकू येतात. लाजेने दबलेले मूल पुन्हा त्याच पदार्थाकडे वळण्याची शक्यता वाढते.

त्याऐवजी दिसलेल्या चांगल्या गोष्टीची नेमकी नोंद घ्या. ‘आज सातला येतो म्हणालास आणि आलास, बरं वाटलं रे’ हे वाक्य साधे आहे, पण आपला शब्द पाळल्याची कुणी दखल घेतली, हे मुलाला कळते. शंका आली तर शांतपणे थेट विचारा. ‘तुझे डोळे लाल दिसताहेत, मला काळजी वाटतेय. आज काही घेतलंस का?’ उत्तर ‘हो’ आले तर खरे सांगितल्याबद्दल शिक्षा करू नका. पुढे काय करायचे ते दुसऱ्या दिवशी सकाळी बोला. नशेत असलेल्या मुलाशी वाद घालून उपयोग नसतो.

मूल उपचाराला तयारच नसेल तर? त्यासाठी अमेरिकेत रॉबर्ट मेयर्स आणि सहकाऱ्यांनी ‘क्राफ्ट’ ही पद्धत विकसित केली. मूल शुद्धीत असताना त्याला वेळ आणि कौतुक द्यायचे. नशेत असताना गोड बोलणे, पैसे, पांघरूण घालणे थांबवायचे. उपचारांचा विषय योग्य वेळी काढायचा आणि मूल हो म्हणाले की त्याच दिवशी भेट मिळेल, अशी तयारी ठेवायची. दारू पिणाऱ्यांच्या १३० कुटुंबीयांवर झालेला या पद्धतीचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. या पद्धतीने ६४ टक्के व्यसनी व्यक्ती उपचारांसाठी तयार झाल्या. सगळ्यांनी मिळून जाब विचारण्याच्या पद्धतीत हे प्रमाण ३० टक्के होते. हा अभ्यास प्रौढांच्या व्यसनावरचा असला, तरी त्यातील तत्त्वे मुलांच्या पालकांनाही शिकवली जातात.

पुन्हा घेतले तर सगळे वाया गेले का?

नाही. व्यसनाच्या उपचारांनंतर पुन्हा पदार्थ घेतला जाण्याचे प्रमाण साधारण ४० ते ६० टक्के मानले जाते. उच्च रक्तदाब आणि दमा या आजारांतही पथ्य आणि औषधे सुटून त्रास उलटण्याचे प्रमाण याच्या जवळपास असते. रक्तदाब वाढला तर आपण रुग्णाला घराबाहेर काढत नाही, औषध बदलून घेतो. इथेही तेच लागू होते.

एकदा घसरणे आणि पुन्हा रोज घेऊ लागणे यांत फरक आहे. पहिल्या २४ तासांत समुपदेशकाला फोन केला, तर घसरण तिथेच थांबण्याची शक्यता जास्त असते. कुणासोबत, कुठे, कशामुळे घेतले, हे समजून घ्या. पगाराचा दिवस, गावची जत्रा, मित्राच्या भावाची हळद, परीक्षेचा निकाल असे ठरावीक प्रसंग पुन्हा पुन्हा पुढे येतात. ते कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवता येतात. त्या दिवशी मूल एकटे नसेल, एवढी काळजी घ्या.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. काही आठवडे पदार्थ बंद असला की शरीराची सहनशक्ती कमी होते. जुन्याच प्रमाणात गर्द, अफूजन्य गोळ्या किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्यास श्वास मंदावून मृत्यू ओढवू शकतो. मूल हाक मारूनही उठत नसेल, श्वास संथ असेल, ओठ निळसर पडले असतील, तर त्याला कुशीवर वळवा आणि लगेच १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. ‘झोपू द्या, उतरेल’ म्हणत वाट पाहू नका.

शाळेचे काय?

शाळा सुटली की दिवस रिकामा होतो, मित्र बदलतात आणि ‘आता आपले काही होणार नाही’ ही भावना बळावते. म्हणून शिक्षणाचा धागा तुटू देऊ नका. सगळ्या शिक्षकांना सांगण्याची गरज नाही. वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापक यांच्याशी पालकांनी स्वतः बोलावे. उपचारांचे प्रमाणपत्र ‘वैद्यकीय कारण’ म्हणून देता येते.

दहावी-बारावीचे वर्ष हातून गेले, तरी दारे बंद होत नाहीत. राज्य मंडळाच्या १७ नंबरच्या फॉर्मद्वारे खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षा देता येते. अनुत्तीर्ण झाल्यास पुरवणी परीक्षा असते. दहावीनंतर आयटीआयचा मार्ग आहे. मात्र पहिल्या तीन महिन्यांत ‘राहिलेला अभ्यास भरून काढ’ असा रेटा लावू नये.

पोलिसांची भीती आणि कायदा

‘डॉक्टरकडे गेलो तर पोलिसांना कळेल’ या भीतीने अनेक पालक उशीर करतात. उपचारांसाठी आलेल्या रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ मध्येही दिलासा आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारमान्य संस्थेत उपचार घेत असेल आणि ते पूर्ण करत असेल, तर तिच्यावर खटला चालवला जात नाही. १८ वर्षांखालील मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते.

कायद्याचा बडगा पुरवणाऱ्यावर आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे. ही तक्रार एकट्या पालकाने करणे गावात अवघड जाते. शाळा व्यवस्थापन समिती किंवा ग्रामसभेच्या ठरावातून ती करणे सोपे पडते. अमली पदार्थांच्या विक्रीची माहिती १९३३ या राष्ट्रीय क्रमांकावर देता येते.

गावात काय सांगायचे?

‘पोरगा महिनाभर दिसला नाही?’ हा प्रश्न पारावर, दळणाच्या गिरणीत, लग्नात येणारच. खोटी लांबलचक गोष्ट रचण्याची गरज नाही आणि सगळे सांगण्याचीही नाही. ‘तब्येतीसाठी पुण्याला होता, आता बरा आहे’ हे उत्तर पुरेसे आहे. काय सांगायचे हे मुलासोबत बसून ठरवा. ती गोष्ट त्याची आहे, त्याच्या पाठीमागे नातेवाइकांत तिची चर्चा होऊ नये.

बदनामी टाळण्यासाठी मुलाला मामाच्या गावी पाठवण्याचा मार्ग अनेक घरांत निवडला जातो. काही दिवसांचा बदल चांगला असतो. पण तिथे उपचार आणि समुपदेशन सुरू राहिले नाही, तर फक्त जागा बदलते. गळ्यात माळ घालण्याचेही तसेच. मुलाच्या मनाने असेल तर वारकऱ्यांची सोबत आणि रोजची शिस्त मोठा आधार देते. जबरदस्तीने घातलेली माळ तोडली गेली, की अपराधाची भावना तेवढी वाढते. डॉक्टरांच्या उपचारांची जागा ती घेऊ शकत नाही.

मुलींच्या बाबतीत ही लपवाछपवी आणखी वाढते. लग्न जमणार नाही या भीतीने उपचारच होत नाहीत. तंबाखूची मशेरी, गोळ्या किंवा दारू, मुलीच्या व्यसनालाही तेच उपचार आणि तोच वेळ लागतो.

आई-वडिलांनी स्वतःसाठी काय करावे?

मुलाच्या व्यसनात आई-वडिलांची झोप, काम आणि आपसातील नाते, सगळे खर्ची पडते. ‘तुझ्या लाडांमुळे’ आणि ‘तुमच्या मारामुळे’ अशी भांडणे सुरू होतात. मुलाला ते कळते आणि तो दोघांच्या मधली फट वापरतो. म्हणून पैसे, वेळ आणि गाडीबाबत दोघांचे उत्तर एकच असावे. मतभेद मुलासमोर नकोत.

बहुतेक केंद्रांत कुटुंबीयांसाठी सभा होतात. ‘मुक्तांगण’ने रुग्णमित्रांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालवला आहे. व्यसनी व्यक्तींच्या नातेवाइकांसाठी जगभर चालणाऱ्या ‘अल-अनॉन’ गटाच्या सभा पुण्यातही होतात. महिन्यातून एकदा का होईना, आई-वडील दोघांनीही जावे. दुसऱ्या घरातही हेच घडले आहे, हे ऐकल्यावर अर्धा भार उतरतो. धाकट्या भावंडांनाही वेळ द्या. घरातील सगळे लक्ष एकाच मुलाकडे गेलेले असते, ते त्यांना जाणवते.

आज काय करता येईल?

मूल अजून उपचारांपर्यंत पोहोचले नसेल, तर १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करून जवळच्या केंद्राची माहिती घ्या. मन अस्वस्थ असेल, मुलाच्या किंवा तुमच्याही, तर ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीत बोलता येते. मुलावर अत्याचार होत असेल किंवा त्याला नशेच्या धंद्यात ओढले जात असेल, तर १०९८ वर कळवा.

मूल नुकतेच घरी आले असेल, तर तीन गोष्टी आजच करा. पुढच्या तपासणीची तारीख भिंतीवर लिहा. शेतीची औषधे कुलपात ठेवा. आणि संध्याकाळच्या त्या चार तासांत घरात कोण असेल, हे मुलासोबत बसून ठरवा.